घसरण्याची पूर्वतयारी

गेले पंधरा दिवस आमच्या घरात रोज सकाळी सहाच्या सुमारास ‘धप्प’ असा आवाज होतो. थोडा वेळ शांतता, आणि पुन्हा ‘धप्प’. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका हातात मलमाची बाटली घेऊन वर आले.

“वहिनी पडल्या का हो?”

“पडल्या,” आम्ही म्हणालो. “अजून सहा वेळा पडायच्या आहेत. बसा, चहा घ्या.”

काकांनी आत डोकावून पाहिले. बैठकीच्या खोलीत गादी अंथरलेली, तिच्यावर आमच्या सौभाग्यवती कुशीवर आडव्या, आणि खुर्चीत मातोश्री जपमाळ घेऊन बसलेल्या. मणी सरकत होते. पण मोजणी नामाची नव्हती, पडण्याची होती. काका चहा न घेताच खाली गेले. बाटली मात्र ठेवून गेले.

वाचकहो, या सदराच्या जुन्या वाचकांना आमच्या घरच्या बऱ्याच भानगडी ठाऊक आहेत. ही मात्र आम्ही आजवर दडवून ठेवली होती. आमच्या सौभाग्यवती वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी स्कीइंग शिकायला निघाल्या आहेत. आमचे काम पैसे जमवणे, सामान उचलणे आणि जमले तर शेजारी उभे राहून पडणे.

हे सारे सुरू झाले २०२२ च्या फेब्रुवारीत. बीजिंगला हिवाळी ऑलिंपिक चालले होते. भारतातर्फे एकच खेळाडू गेला होता, काश्मीरच्या टंगमर्ग भागातला आरिफ खान. जायंट स्लालममध्ये तो पंचेचाळिसावा आला. चिरंजीवांनी ती शर्यत मोबाईलवर दाखवली. आम्ही म्हटले, “पंचेचाळिसावा म्हणजे काही विशेष नाही.” भाजी निवडता निवडता सौभाग्यवती म्हणाल्या, “त्या उतारावर तुम्ही नुसते उभे राहून दाखवा.” मग जरा थांबून म्हणाल्या, “माझे नाव लागले होते. १९९४ साली. कॉलेजातून मनालीला, स्कीइंगच्या शिबिरासाठी. बाबा नको म्हणाले.”

“का?”

“पाय मोडला तर लग्न कोण करील, म्हणून.”

पाय न मोडता लग्न झाले ते आमच्याशी. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही त्यांच्या तोंडून साड्यांचे रंग, भाड्याच्या घरातल्या गळक्या नळाची कहाणी, मावसबहिणीच्या नणंदेचा आजार, सारे ऐकले होते. हे मात्र ऐकले नव्हते. त्या रात्री आम्हांला नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन दरमहा ५,००० रुपयांची आवर्ती ठेव उघडली. फॉर्मवर उद्देशाचा रकाना नव्हता म्हणून बरे, नाहीतर काय लिहिणार होतो?

पहिल्या खेपेस आम्ही काय केले ते आधी सांगतो, म्हणजे तुम्ही ते करणार नाही. एका प्रवासी कंपनीचे रंगीत पत्रक घरी आले होते. त्यात गुडघाभर बर्फात एक कुटुंब हसत उभे होते. आम्ही त्या पत्रकावर विसंबून २०२४ च्या जानेवारीचा दुसरा आठवडा पक्का केला आणि सगळे पैसे आगाऊ भरले. जानेवारी म्हणजे थंडी, थंडी म्हणजे बर्फ, असा आमचा सरळ हिशोब. काश्मिरात २१ डिसेंबरपासून ‘चिल्ले कलान’ हा चाळीस दिवसांचा कडाक्याचा काळ सुरू होतो, हेही आम्ही वाचले होते. पण थंडी वेगळी आणि बर्फ वेगळे. बर्फ पडायला पश्चिमेकडून येणारे ढग लागतात, आणि त्या वर्षी ते आलेच नाहीत. गुलमर्गचे प्रसिद्ध कुरण तपकिरी पडले होते. बर्फ आले ते महिना सरता सरता, तोवर आम्ही घरी येऊन कपडे धुवून वाळत घातले होते. कंपनीकडे विचारणा केली तर उत्तर आले, निसर्गावर आमचा ताबा नाही. ते खरेच होते. पत्रकावर तरी होता ना, एवढेच आमचे म्हणणे.

त्या सहलीतली एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही बाजारातल्या एका स्कीच्या दुकानात शिरलो. तिथला प्रशिक्षक तरुण बेकार बसला होता. त्याचा तर सारा हंगामच कोरडा चालला होता. आमची हकीकत ऐकून त्याने सौभाग्यवतींच्या पायाचे माप घेतले, बूट चढवले, पट्टे आवळले, आणि दुकानातल्या गालिच्यावर गुडघे वाकवून उभे राहायला शिकवले. दहा पावले चालवले. पैसे घेतले नाहीत. “मॅडम, बर्फ येईल तेव्हा या, बाकीचे शिकवतो,” म्हणाला. परतीच्या विमानात सौभाग्यवती खिडकीबाहेर पाहत होत्या. आम्हांला वाटले रडतात की काय. पण त्या म्हणाल्या, “बूट फार जड असतात हो. पायांत जोर आणायला पाहिजे.”

२०२५ चा हंगाम धाकट्या चिरंजीवांच्या बारावीने खाल्ला. आता येत्या फेब्रुवारीचा बेत आहे. या खेपेस आम्ही अभ्यास केला आहे आणि तो इथे मांडतो. तुमच्याही घरात कुणीतरी भाजी निवडता निवडता असे काही बोलून जाईल, तेव्हा उपयोगी पडेल.

पहिला प्रश्न, जायचे कधी? आमचे उत्तर असे की पंचांग पाहू नये, बर्फ पाहावे. साधारणपणे जानेवारीची अखेर ते फेब्रुवारीची अखेर हा काळ त्यातल्या त्यात भरवशाचा. तरी खात्री कुणीच देऊ नये. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा २०२५ साली फेब्रुवारीत गुलमर्गला व्हायच्या होत्या, पुरेसे बर्फ नाही म्हणून त्या मार्चवर ढकलाव्या लागल्या. सरकारला थांबावे लागते तिथे आपण कोण? म्हणून आम्ही या वेळी उलटा क्रम धरला आहे. रजा आधी मंजूर करून घ्यायची, खोली अशी घ्यायची की रद्द केल्यास पैसे परत मिळतील, आणि विमानाचे तिकीट बर्फ पडल्याचे कळल्यावर काढायचे. तिकीट थोडे महाग पडेल, पण तपकिरी गवत पाहायला स्वस्तात जाण्यापेक्षा ते परवडले. शिवाय परतीनंतर एक दिवस मोकळा ठेवावा. बर्फ आणि धुके यांमुळे श्रीनगरची विमाने रद्द होतात, आणि त्याच दिवशी साहेबांपुढे हजर व्हायचे असेल तर पंचाईत.

दुसरा प्रश्न, कुठे? स्वित्झर्लंडचा विचार आवर्ती ठेवीने परस्पर निकालात काढला. आपल्या देशात नवशिक्यासाठी तीन ठिकाणे मुख्य. उत्तराखंडात जोशीमठाच्या वर औली आहे. समोर नंदादेवी दिसते, आणि गढवाल मंडल विकास निगम तिथे सात आणि चौदा दिवसांचे वर्ग चालवत आले आहे. पण २०२३ च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचू लागली तेव्हा तिथून औलीला जाणारा रोपवे बंद करावा लागला, म्हणून वर रस्त्याने जाण्याची तयारी ठेवावी. ऋषिकेशपासूनचा डोंगरी रस्ताच अडीचशे किलोमीटरच्या घरात आहे, म्हणजे येण्याजाण्यात दोन दिवस गेलेच. दुसरे ठिकाण मनालीजवळचे सोलंग. मनालीला अटल बिहारी वाजपेयी यांच्या नावाची पर्वतारोहण संस्था आहे, तिचे वर्ग तिथे होतात. तिसरे गुलमर्ग, उंची सुमारे ८,७०० फूट, श्रीनगरपासून पन्नास किलोमीटर. केंद्रीय पर्यटन खात्याची स्कीइंग व गिर्यारोहण संस्था तिथेच आहे. गुलमर्गला हा खेळ साहेबाच्या वेळेपासून चालत आला आहे. तिथला स्की क्लब १९२७ सालचा.

सरकारी वर्ग स्वस्त आणि शिस्तीचे असतात. त्यांच्या अर्जात वयाचा रकाना असतो, तो आधी वाचावा. आमच्या सौभाग्यवतींनी एक अर्ज पूर्ण भरून मग तो रकाना वाचला. कागदाची चार वेळा घडी घातली आणि म्हणाल्या, “तेव्हा बाबा आडवे आले, आता वय.” त्यावर चिरंजीवांनी तोडगा काढला, खासगी प्रशिक्षक. तो जरा महाग, पण त्याचे लक्ष एकाच शिष्यावर असते आणि वय विचारत नाही. प्रशिक्षकाकडे प्रमाणपत्र आहे का एवढे मात्र आपण विचारावे. नवऱ्याने बायकोला किंवा मित्राने मित्राला शिकवण्याच्या भरीस पडू नये, मोटार शिकवतानाचा अनुभव आठवावा.

तिसरा प्रश्न सामानाचा. स्की, बूट आणि काठ्या विकत घेण्याचा मोह आवरावा, तिथे भाड्याने मिळतात. सगळ्यांत महत्त्वाचे बूट. सरळ उभे राहिले की अंगठा पुढे जेमतेम टेकावा, गुडघे वाकवले की किंचित मागे सरावा, आणि टाच उचलली जाऊ नये. आत मोजे एकच जोडी, पण लांब. दोन जोड्या घातल्या की ऊब येते ही समजूत चुकीची, सुरकुत्या पडून फोड मात्र येतात. स्कीची लांबी नवशिक्याला छातीपासून हनुवटीपर्यंत पुरे. बूट स्कीला ज्या खटक्याने जोडलेले असतात त्याला बाइंडिंग म्हणतात. पडताना तो खटका सुटला पाहिजे, नाहीतर लांब स्की पाय पिरगाळते आणि गुडघा जातो. तो किती घट्ट ठेवायचा हे वजन, उंची, वय आणि येण्याजोगेपणा यांवरून ठरते. तेव्हा दुकानदाराला वजन खरे सांगावे. हा नियम आम्ही घरात वाचून दाखवला तेव्हा काही वेळ कुणी बोलले नाही.

कपड्यांत सुती गंजीफ्रॉक आणि जीन्स वर्ज्य. सूत घाम शोषते आणि ओलेच राहते, मग थंडी हाडांत शिरते. अंगालगत घाम बाहेर टाकणारा कपडा, त्यावर लोकर, त्यावर पाणी आत न येऊ देणारे जाकीट आणि विजार, असे तीन थर. आजीने विणलेले हातमोजे प्रेमळ खरे, पण पहिल्या पडण्यालाच भिजतात. हातमोजे पाणी न शिरणारे घ्यावेत. डोक्याला शिरस्त्राण हवेच. आणि डोळे सांभाळावेत, कारण ताजे बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकते आणि दर हजार मीटर चढले की ते किरण सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात. चष्म्याशिवाय दिवसभर राहिले तर संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. पुण्याच्या उन्हात जन्म काढलेल्या माणसानेही तिथे क्रीम लावावे.

विम्याचे कागद वाचावेत. पुष्कळ प्रवासविम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात आणि ते वाक्य शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असते. आमच्या पहिल्या विम्यात तसेच होते, म्हणजे बर्फ असते तर आम्ही विम्याविनाच घसरलो असतो.

आता प्रत्यक्ष शिकायचे काय? स्की म्हणजे मूळ नॉर्वेकडच्या भाषेत फाळलेले लाकूड. फळीवर उभे राहिले की ती उतारावर पळणार, हे शिकवावे लागत नाही. शिकायचे ते थांबणे. त्याची पहिली रीत अशी की चिमटा जसा एका टोकाशी जुळलेला आणि दुसरीकडे उघडा असतो तशा फळ्या करायच्या. पुढची टोके जवळ, पण एकमेकांवर चढू न देता, आणि मागची बाजू फाकलेली. टाचा बाहेर ढकलून फळ्यांच्या आतल्या कडा बर्फात दाबल्या की वेग मरतो. भीती वाटली की माणूस मागे रेलतो, आणि मागे रेलला की फळ्या ऐकेनाशा होतात. नडगी बुटाच्या पुढच्या बाजूला टेकलेली हवी. म्हणजे घाबरल्यावर पुढे झुकायचे, हा अवघड धडा.

पडणार हे कळले की बाजूला, उताराच्या वरच्या अंगाला बसायचे. हात टेकायचा नाही, मनगट जाते. उठताना दोन्ही फळ्या उताराला आडव्या करून आपल्या खालच्या बाजूला घ्यायच्या आणि मग वरच्या बाजूने रेटा द्यायचा. सकाळचा ‘धप्प’ आवाज याचाच. शिवाय दोन महिने आधीपासून भिंतीला पाठ लावून हवेतल्या खुर्चीत बसणे, आणि जिने चढण्यापेक्षा उतरणे. मांड्यांना कळते.

पहिला दिवस वर जाऊन विश्रांती, भरपूर पाणी. दुसरा आणि तिसरा सपाटीवर. गुलमर्गचा गोंडोला अफरवटच्या खांद्यापर्यंत, सुमारे १३,००० फुटांवर जातो. फोटो काढायला खुशाल जावे, पण त्या वरच्या उतारांवर नवशिक्याचे काम नाही. तिथे हिमकडे कोसळतात आणि निष्णात परदेशी लोकांचेही जीव गेले आहेत. प्रशिक्षक सांगेल तेवढाच उतार आपला.

हा खेळ तसा आपल्याला अगदीच परका नाही. आजच्या पद्धतीची स्लालम शर्यत १९२२ साली स्वित्झर्लंडातल्या म्युरेन गावी ज्याने बसवली, तो आर्नल्ड लन १८८८ साली जन्मला मद्रासला. आणि मनालीजवळच्या बुरुआ गावच्या आंचल ठाकूरने २०१८ साली तुर्कस्तानात कांस्यपदक मिळवले, स्कीइंगच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतले भारताचे पहिले. हे सौभाग्यवतींनी मातोश्रींना दोनदा वाचून दाखवले.

आता जे लिहायचे टाळत होतो तिकडे येतो. २०२५ च्या २२ एप्रिलला पहलगामला पर्यटकांवर हल्ला झाला. सव्वीस माणसे गेली, त्यांत सहा आपल्या महाराष्ट्राची. डोंबिवली, पनवेल, पुणे. ती तुमच्याआमच्यासारखी रजा टाकून सहकुटुंब गेलेली माणसे होती. त्या आठवड्यात आमच्या घरात स्कीचे नाव कुणी काढले नाही. गुलमर्गची कागदपत्रे सौभाग्यवतींनी आपणहून खणात ठेवली. त्या दुकानातल्या तरुणाचा संदेश आला, “आम्ही सगळे शरमिंदे आहोत. तुम्ही सुखरूप ना?” त्याला काय उत्तर द्यावे ते आम्हांला दोन दिवस सुचले नाही. शेवटी सौभाग्यवतींनी लिहिले, “सुखरूप आहोत. तुमच्या घरचे कसे आहेत?”

श्रावणात मातोश्रींनीच विषय काढला. “त्या खणात काय कोंबून ठेवले आहेस?”

“काही नाही, आई. औलीला जाईन म्हणते. तिकडे तुम्हांला घोर नाही.”

“तिथे तुला ओळखणारे कोण आहे?”

“कुणी नाही.”

“आणि तिकडे?”

सौभाग्यवती गप्प राहिल्या. मातोश्रीही. त्यानंतर आठ दिवस वाद झाला. तो सगळा इथे सांगण्यासारखा नाही. आम्ही औलीच्या बाजूचे होतो, अजूनही थोडे आहोत. शेवटी अटी ठरल्या त्या अशा: निघण्यापूर्वी सरकारच्या सूचना पाहायच्या, नको म्हटले असेल तर हुज्जत न घालता औली. सकाळ-संध्याकाळ फोन. आणि मातोश्रींनी “परत या” म्हटले की कारण न विचारता परत. ज्या घराला हे पटत नसेल त्याने जाऊ नये, आणि त्या घराला कुणी भित्रे म्हणू नये. हा हिशोब ज्याचा त्याने करायचा असतो.

तर अशी तयारी आहे. बर्फ पडेल की नाही, ठाऊक नाही. बर्फ पडले तर सौभाग्यवती घसरतील की नाही, तेही ठाऊक नाही. आमचा उजवा गुडघा कुरकुरतो, म्हणून आमचे नाव तूर्त राखीव यादीत.

हे लिहीत असताना आत चकल्यांचा घाणा चालू आहे, आणि बैठकीत गादी अंथरलेलीच आहे. आताच ‘धप्प’ झाले. मातोश्रींनी मणी सरकवला आणि म्हणाल्या, “सात. उठताना हात टेकलास. हा धरत नाही.”

“आई, चकल्या करपतील.”

“चकल्या तो बघेल. तू पुन्हा पड.”

वाचकहो, रजा घेतो. झारा आमच्याकडे आला आहे.